सुकदेवनानांनी केलेला ठग

नशिराबादच्या सुकदेवनानांचा चेहरा इतका भोळा होता की एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई आपलं तान्हं पोर त्यांच्या मांडीवर देऊन खुशाल खाली उतरे आणि केळी घेऊन परत येई. पोराच्या आईला धाकधूक नाही आणि पोरही रडत नसे. या चेहऱ्याच्या जिवावर नानांनी जन्मभर एकच उद्योग केला, सोयरिकी जुळवण्याचा. केळीची बाग होती, ती मुलगा बघायचा. नाना पांढरी टोपी घालून रावेर-यावलपासून पार धुळ्याच्या पलीकडेपर्यंत हिंडायचे. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचा मुलगा वरवर शहाणा दिसतो पण संध्याकाळी पितो, कोणती सासू तोंडाची फटकळ पण हाताची सढळ, हे सगळं त्यांना तोंडपाठ. जळगावकडच्या घरात ते तिकडची बोली बोलत, धुळ्याकडे गेले की अहिराणी. या कामाचं ते काही घेत नसत, साधं टॉवेल-टोपीसुद्धा नाही. मात्र नानांचा शब्द म्हणजे शब्द, असं कुणी चारचौघांत म्हटलं की त्यांना मनापासून बरं वाटे, आणि ते ती गोष्ट लपवतही नसत.

अशा माणसाला ठग व्हायला सांगायचं धाडस त्यांच्या पुतण्यानेच केलं. ललित आणि त्याचा दोस्त रेहान जळगावात लग्नाचे व्हिडिओ काढत. दुसऱ्यांच्या वराती काढून काढून दोघे कंटाळले आणि त्यांनी स्वतःची एक छोटी फिल्म करायची ठरवली. फिल्मचं नाव होतं ‘माहेरना माणूस’. गोष्ट विनोदी होती आणि गुन्ह्याची होती. भरदुपारी घरातले पुरुष शेतात असताना एक पाहुणा दारात येतो आणि सुनेला म्हणतो, “मी तुझ्या माहेरचा.” त्याला एवढंच करावं लागतं. सासरी राहणाऱ्या बाईला माहेरचं माणूस दिसलं की ती नाव-गाव विचारत बसत नाही, पुढचं सगळं स्वतःच सांगते. “म्हणजे मारुतीच्या गल्लीतले का तुम्ही?” असं ती विचारते, ठग म्हणतो, “हो, तिथलाच.” “मग माझ्या आईला भेटला असाल.” “भेटलो ना. तुझीच आठवण काढत होती.” शेवटी ती त्याला पोटभर जेवू घालते, आईसाठी पापड-कुरडयांचा डबा भरून देते आणि ऊन फार आहे म्हणून स्टँडपर्यंत जायला आपली स्कूटीही देते. स्कूटी अर्थातच परत येत नाही.

ठगाच्या कामासाठी त्यांनी नाटकांच्या स्पर्धा गाजवलेला एक नट आणला होता. तो दारात आला तोच डोळे बारीक करून आणि मिशीला पीळ देऊन. असला माणूस पाहिला तर बाई स्कूटी कसली देते, आधी आतून कडी घालेल. दोन दिवस असे गेले आणि तिसऱ्या दिवशी तो नट आजारी पडला, की रुसला, कोण जाणे. नाना त्या दिवशी सगळ्यांचा डबा घेऊन आले होते. उजेड परतवायला धरलेल्या थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्याआडून ललितने काकांकडे पाहिलं आणि तो पाहतच राहिला.

“नाना, तुम्ही नुसते दारात उभे राहा आणि पाणी मागा,” तो म्हणाला.

नानांनी आधी हात झटकले, मग टोपी सारखी केली आणि उभे राहिले. सुनेचं काम दीपनगरच्या कॉलनीतली हेमांगी नावाची शिक्षिका करत होती. नाना तिच्याकडे बघून म्हणाले, “बाई, तुझी माय म्हणे, पोरीला सांग, माझे गुडघे दुखता आता, मी काही यायची नाही, तूच ये,” आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे वाक्य लिहिलेलंच नव्हतं. हेमांगी आपलं बोलणं विसरली, रडायला लागली आणि खरोखरच चहा टाकायला आत गेली. रेहान कॅमेऱ्यामागून म्हणाला, “नाना, माझी गाडी पण घेऊन जा.” नानांना त्या दिवशी भारी मजा आली. घरी जाऊन त्यांनी सुनेला तो प्रसंग दोनदा करून दाखवला.

फिल्म जळगावच्या एका छोट्या महोत्सवात दाखवली गेली, टाळ्या पडल्या, मग ललितने ती इंटरनेटवर टाकली. तिथवर सगळं ठीक होतं. पुढे कुणा रिकामटेकड्याने त्यातला नानांच्या रडण्याचा आणि स्कूटीवरून पसार होण्याचा तुकडा कापला, वर लाल अक्षरांत ‘सावधान! हा इसम खान्देशात फिरत आहे, आयाबहिणींनी जपा, पुढे पाठवा’ असं चिकटवलं आणि सोडून दिलं. लोकांनी तो मनापासून पुढे पाठवला. नशिराबादमध्ये सगळे नानांना ओळखत, त्यामुळे गाव हसलं आणि नानाही हसले. भाजीवाल्याने त्यांना पाहून पिशवी छातीशी धरायची आणि नानांनी हात पसरायचे, असा खेळच झाला होता. पण एरंडोलच्या पुढे नाना नट आहेत हे कुणाला माहीत? तिथे ते सोयरीक घेऊन येणारे नाना होते, आणि आता ते फोनवरचे इसम झाले.

नेमकी त्याच वेळी त्यांची एक सोयरीक अगदी जमत आलेली होती. मुलगी यावलची, सारिका. तिचा बाप गेलेला, आई कुंदाबाई केळीच्या बागांत कामाला जायची, सारिका घरी ब्लाउज शिवायची. मुलगा पांझरेकाठच्या एका गावचा, योगेंद्र, धुळ्यात त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. यावलचं घर लहान, म्हणून बघण्याचा कार्यक्रम भुसावळला सारिकाच्या मामाकडे झाला. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली. साखरपुड्याचा दिवस तेवढा ठरायचा होता आणि मुलाकडच्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकदा चुकून उचलला तेव्हा योगेंद्रचे वडील नवलभाऊ म्हणाले, “कळावतस, नाना.”

या ‘कळावतस’चा अर्थ नानांपेक्षा जास्त कुणाला कळणार? आपल्याकडे सोयरीक मोडताना कुणी नाही म्हणत नाही. मुलाकडचे कळवतो म्हणतात आणि गप्प बसतात, आणि मुलीकडचे वाट बघून बघून समजतात. बरं, मुलीकडच्यांनी थेट विचारावं तर तेही चालत नाही. साखरपुडा होईपर्यंत दोन्ही घरं जे बोलायचं ते मध्यस्थाच्या तोंडून बोलतात, ही रीत. इथे तर मध्यस्थाचंच तोंड खोटं पडलं होतं.

कुंदाबाई एका सकाळी नशिराबादला आली, ओसरीच्या कडेला बसली. “नाना, गल्लीत बाया इचारता मले, पोरीत काय खोट निघाली म्हणून,” ती म्हणाली. “काय सांगू मी? तुमाले काही कळलं काय?”

नानांना कळलं होतं. धुळ्याच्या एका ओळखीच्या माणसाने आदल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं की तो व्हिडिओ नवलभाऊंच्या गावात घरोघरी पोचलाय. आपण एका दुपारी गंमत म्हणून डोळ्यांत पाणी आणलं आणि त्याचा डाग या पोरीला लागतोय, हे त्यांच्या मनाला फार लागलं. आजपर्यंत त्यांनी जुळवत आणलेली सोयरीक कधी मोडली नव्हती असं नाही, पण त्यांच्यामुळे मोडलेली एकही नव्हती. त्यांनी कुंदाबाईला चहा पाजला, सगळं खरं खरं सांगितलं आणि म्हणाले, “मी जातो. जाऊन अख्खा सिनेमाच दाखवतो त्यांना.”

ललित गाडी काढून बरोबर गेला. नवलभाऊंच्या अंगणात दोघे उतरले तेव्हा माणसं अदबीने उठली, पाण्याचा तांब्या आला, या-बसा झालं. फक्त योगेंद्रचा एक चुलता हळूच उठला, त्याने अंगणातल्या स्कूटीची किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. नानांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्यापासून काही लपवत होतं.

“नवलभाऊ,” नाना म्हणाले, “तुमना फोनमां मना एक तुकडा शे, माले माहीत शे. आज मी तुमले बठ्ठा, अख्खा शिनेमा दखाडाले आनेल शे.”

नवलभाऊ ओशाळले. टीव्ही मोठा होता, ललितने पेनड्राइव्ह लावला. बातमी गल्लीभर झाली आणि बघता बघता घर भरलं, दारात चपलांचा ढीग पडला. योगेंद्रची आजी झुंबरबाई दाराजवळच्या बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत होती. गुडघ्यांमुळे ती कुठे जात-येत नसे, भुसावळलाही आली नव्हती. तिने शेंगा सोलता सोलता सिनेमा पाहिला.

आणि लोक काय हसले! ठग “हो, तिथलाच” म्हणाला की पोरं त्याच्या आधी ओरडायची, “तथलाच!” पापड-कुरडयांच्या डब्याला बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी फिल्मवाल्यांची नावं आली, त्यात ‘ठग: सुकदेवनाना’ असं आलं, आणि नवलभाऊंनी डोळे पुसत नानांच्या पाठीवर थाप मारली. “काय काम करं नाना तुम्ही! आमले तर खरंच वाटनं व्हतं.” चुलत्याने खिशातली किल्ली काढून निमूटपणे खुंटीला लावली. नानांचा जीव भांड्यात पडला. आता साखरपुड्याचा दिवस काढायला सांगावं, अशा विचारात ते होते.

तेवढ्यात झुंबरबाईने सोललेल्या दाण्यांचं ताट बाजूला सरकवलं.

“नाना, तुम्ही ठग नही शेतस, हाई माले पटनं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती आपली विचारत होती. “तुम्ही नट शेतस. मंग आते माले एक सांगा. सारिकानी गोट तुम्ही आमले याच वट्टावर बशीसन सांगी. तवय तुम्ही नाना व्हतात, का नट व्हतात?”

घरातलं हसू हळूहळू ओसरलं. नानांनी तोंड उघडलं आणि तेच वाक्य आलं जे कुणाचंही आलं असतं. “अक्का, मी जे सांगं ते बठ्ठं खरं शे.”

“शिनेमामां बी तुम्ही असंच सांगं,” झुंबरबाई म्हणाली.

दोन-चार जण फिसकन हसले आणि मग कुणीच हसेना. नानांच्या लक्षात आलं की आपण सिद्ध करायला आलो एक आणि सिद्ध केलं भलतंच. रडणं खोटं होतं हे त्यांनीच टीव्ही लावून दाखवलं होतं, आणि किती खरं वाटतं तेही. आता त्यांनी शपथ घेतली असती तरी तीही नटाची म्हणून चांगलीच वठली असती. डोळ्यांत पाणी आणायची तर सोयच राहिली नव्हती, आणि नेमकं आता ते खरोखर येऊ बघत होतं. नाना खाली बघून टोपी चाचपत राहिले.

“अक्का, मंग मना शब्द बाजूले ठेवा,” ते शेवटी म्हणाले. “तुम्ही सोता यावलले जा. माले संगे लेऊ नका. तिकडे बी मी काही सांगाव नही.”

नवलभाऊ गडबडले. मध्यस्थाला वगळून मुलाकडच्यांनी मुलीच्या दारात जायचं, तेही साखरपुड्याआधी, असं कुणी केलेलं नव्हतं. झुंबरबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने ताट परत पुढे ओढलं.

परतताना पारोळं मागे पडलं. मग ललितला राहवेना.

“नाना, तानुबाईचं का नाही सांगितलं तुम्ही? ते ऐकून त्या आजीने तिथल्या तिथे हो म्हटलं असतं.”

तानुबाई म्हणजे सारिकाची बापाकडची आजी. अर्धांगाचा झटका येऊन ती मागच्या खोलीत पडून होती. सारिका भुसावळला नर्सिंग शिकत होती, ते सोडून ती घरी आली आणि तेव्हापासून म्हातारीचं हगणं-मुतणं, न्हाऊमाखू, सगळं तीच करत होती. नवलभाऊंच्या घरी फक्त एवढंच माहीत होतं की मुलगी ब्लाउज शिवते आणि तिचं तोंड जरा फटकळ आहे. हे तोंडाचं नानांनी आधीच सांगून टाकलं होतं.

“कुंदाबाईने मना केलं व्हतं मले,” नाना म्हणाले. “ती म्हणे, नाना, माझ्या पोरीची कीव करून कोणी नेऊ नये, अन् फुकटची सेवा करीन म्हणूनही कोणी नेऊ नये. तिले पाहून न्या म्हणा.”

“पण आज तरी सांगायचं होतं.”

“आज तर बिलकूल नही,” नाना एवढंच म्हणाले आणि खिडकीची काच खाली केली.

नंतरचे दिवस नानांना जड गेले. भाजीवाल्याने पिशवी छातीशी धरली तेव्हा त्यांनी हात पसरले नाहीत, पैसे दिले आणि घरी आले. एरंडोलचा एक जण मुलासाठी मुलगी बघा म्हणून सांगून गेला होता, तो पुन्हा फिरकला नाही. कुंदाबाईचा फोन आला की नानांना उचलावासा वाटत नसे, पण ते उचलत आणि “अजून काही नाही, बाई,” असं सांगत. आपण फिल्ममध्ये कशाला गेलो, असं त्यांना वाटे. मग लगेच वाटे, चांगलंच केलं होतं की काम. हे दुसरं वाटणं त्यांना जास्त छळत होतं. इतकी वर्षं घराघरांतून बोलताना आपण कुठे कुठे थोडं गोड करून सांगितलं, कुणाच्या काळ्या पोरीला सावळी म्हटलं, हे ते आठवत बसत. झुंबरबाईने विचारलेलं त्यांनी स्वतःला किती वेळा विचारलं असेल, आणि दर वेळी त्यांना छातीठोक उत्तर देता येत नव्हतं.

मग एका दुपारी त्यांच्या दारात रिक्षा थांबली. आधी योगेंद्र उतरला, त्याने हात देऊन झुंबरबाईला उतरवलं. नाना धावत पुढे गेले, पाणी आणलं. ती ओसरीवर टेकली, गुडघे चोळले आणि पाणी प्यायली.

“यावलहून उनू,” ती म्हणाली.

ती न सांगता गेली होती, नातवाला मोटारीच्या दुकानातून उठवून. यावलच्या घरी दार उघडं होतं, पुढच्या खोलीत कुणी नव्हतं, मागून भांडण ऐकू येत होतं. ती आत गेली तर सारिका तानुबाईला आपल्या अंगाला टेकवून बसवून तिचे केस विंचरत होती. म्हातारी ओरडत होती की ओढतेस, आणि पोरगी ओरडत होती की गप बस, नाहीतर टक्कल करून टाकीन. झुंबरबाईने आपण कोण ते सांगितलं. पोरीने मागे योगेंद्रलाही पाहिलं. ती लाजली, घाबरली, पण उठली मात्र नाही.

“माले म्हने, बसा आजी, हिनी येनी अर्धी ऱ्हायेल शे, सोडी तर डोकं दुखस तिनं. पानी तठे माठमां शे, तुम्हीच ल्या.” सांगताना झुंबरबाईला हसू आलं. “नातसून कराले मी दारमां उभी, नाना, आनी ती मालेच पानी लेवाले लावस! येनी घाली, तोंड पुसं, निजाडं, मंग उनी नी मना पाया पडनी.”

मग झुंबरबाई त्या म्हातारीजवळ किती तरी वेळ बसून होती. तानुबाईनेच तिला सगळं सांगितलं, नर्सिंग सोडल्याचं, रात्रीच्या उठबशीचं. सांगता सांगता नातीला दोन शिव्याही घातल्या.

नाना मान खाली घालून ऐकत होते. “कुंदाबाईनी सांगू नका म्हनेल व्हतं, अक्का,” ते म्हणाले. “म्हनीसन नही सांगं.”

“आमना घरमां बठ्ठा लोके बशेल व्हतात. मी तुमले खोटं पाडं, तवयबी नही सांगं तुम्ही.” झुंबरबाई त्यांच्याकडे बघत होती. “तुम्ही ठग ऱ्हातात, नाना, तर हाईच गोट पहिले इकतात.”

 नाना उठले आणि सुनेला चहा टाकायला सांगायला आत गेले, आणि तेवढं साधं सांगतानाही त्यांचा आवाज कातर झाला.